उसनी नजर

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या वसईत घरोघर पेट्या, ट्रंका आणि पोटमाळे उपसण्याचा एक सोहळाच सुरू होतो. जुन्या वह्या निघतात, लग्नपत्रिका निघतात, वाळवीने अर्धे खाल्लेले दाखले निघतात. आणि टाकायचे म्हणून बाहेर काढलेले निम्मे सामान 'असू दे' म्हणून पुन्हा आत जाते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी माझा धाकटा भाऊ ओटीवर आपली पत्र्याची पेटी उघडून बसला होता. वयाच्या सहाव्या वर्षी आलेल्या दुखण्यात त्याची दृष्टी गेली ती कायमची. मांडीवर एकेक कागद पसरायचा, त्यावर वीतभर उंच मोबाईल धरायचा, कागदावर काय आहे ते कानात ऐकायचे, आणि मग दाखला एका ढिगात व रद्दी दुसऱ्या ढिगात टाकायची, असे त्याचे काम चालले होते. मी माळ्यावर चढलो होतो. खालून हाक आली, "दादा, जरा खाली ये."

मी उतरलो. त्याने कानातली वायर काढली आणि फोनवर बोट टेकले. फोन आपल्या त्या चमत्कारिक इंग्रजी हेलात एक पत्र वाचू लागला. पत्र १९९९ सालचे होते. एका कचेरीतील टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी भावाने अर्ज केला होता, त्याचे ते उत्तर. त्यात स्वच्छ लिहिले होते की, उमेदवाराला दिसत नसल्यामुळे त्याच्या अर्जाचा विचार करता येत नाही. वास्तविक त्या काळी कित्येक कचेऱ्यांतून अंध ऑपरेटर उत्तम काम करीत होते. पण मला घाम फुटला तो त्यामुळे नव्हे. पोस्टमनने हे पत्र आणून दिले, तेव्हा मीच ते मोठ्याने वाचून दाखवले होते, आणि मी वाचले होते ते असे: "जागा अगोदरच भरली गेल्यामुळे दिलगीर आहोत."

मी तेव्हा विशीतला होतो. त्याला वाईट वाटू नये, एवढाच माझा हेतू होता. इतकी वर्षे तो कागद पेटीत पडून होता आणि मी केलेले भाषांतर माझ्या पोटात. भाऊ रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, "दादा, तू वाचतोस छान. पण हा जसे आहे तसे वाचतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मॅट्रिक होऊन मास्तरकीला चिकटलेला मनुष्य. सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहितो. इतिहास हा काही माझा अधिकाराचा विषय नव्हे. तरी अंध माणसाने आपला कागद आपण वाचावा, आपली नोट आपण ओळखावी, आपली गाडी आपण पकडावी, या साध्या गोष्टी घडायला किती काळ लागला आणि त्याला कोणाकोणाचे हात लागले, हे मी तेव्हापासून शोधत राहिलो. जे हाती आले ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

*

'आंधळ्याची काठी' हा शब्द आपण फार मायेने वापरतो. म्हातारपणी मुलगा काठी होतो, असे म्हणतो. श्रावणबाळाची गोष्ट तर आपण मांडीवर बसून ऐकलेली. आईबापांना कावडीत घालून काशीला नेणारा मुलगा आपल्या डोळ्यांपुढे इतका मोठा होतो की, त्या कावडीत बसलेल्यांना काय वाटत असेल हे विचारायचे आपण विसरतो. दशरथाचा बाण एकाला लागला आणि जीव तिघांचे गेले. दुसऱ्याच्या डोळ्यांवर सगळा संसार टाकण्यातला धोका त्या कथेत उघडच सांगितला आहे; आपण त्यातून फक्त मातृपितृभक्तीचा धडा घेतला.

आपल्या महाराष्ट्रातच या उसन्या नजरेचे एक थोर उदाहरण आहे. अमरावतीकडील गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि तान्हे असतानाच त्यांची दृष्टी गेली. अवघ्या ३४ वर्षांचे आयुष्य. १९१५ साली ते पुण्यास निवर्तले. तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. पण हा प्रज्ञाचक्षू ग्रंथ वाचीत होता तो इतरांच्या तोंडून, आणि लिहीत होता तो इतरांच्या हातून. वाचणारा बसला तर वाचन. तो उठून गेला की पोथी म्हणजे नुसता कागदांचा गठ्ठा. एवढ्या बुद्धीच्या पुरुषालाही दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागली. मग सामान्य अंधाची काय कथा?

आणि गंमत अशी की, त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी या अडचणीवरचा उपाय फ्रान्समध्ये सापडलेला होता. लुई ब्रेल हा खोगिरे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १८०९ सालचा जन्म. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात आरीशी खेळता खेळता ती डोळ्यात घुसली. एका डोळ्याचे दुखणे दुसऱ्यात उतरले आणि दोन्ही गेले. पॅरिसच्या अंधशाळेत तो शिकला. बार्बिये नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने बोटांनी वाचण्यासाठी बारा टिंबांची एक खूण-लिपी काढली होती. ती बोटाच्या पेरात मावत नसे. पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, लुईने बाराची सहा टिंबे केली. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. त्यांच्या उलटसुलट जुळणीतून ६३ खुणा. ज्या जातीच्या हत्याराने डोळे गेले, तशाच टोचणाऱ्या हत्याराने त्याने अक्षरे उमटवली. १८५२ साली तो वारला, आणि त्याच्या देशाने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली. त्याच्या शाळेतल्या डोळस शिक्षकांना ही लिपी फारशी आवडत नसे, कारण ती त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती! मास्तर म्हणून हे वाक्य लिहिताना मला जरा ओशाळल्यासारखे होते.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा अमृतसरला १८८७ साली ॲनी शार्प या बाईंनी काढली. मुंबईत त्याला निमित्त झाले छप्पन्नच्या दुष्काळाचे. त्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या पोरांत अंध मुलेही होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी १९०० साली त्यांच्यासाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. पुण्याची अंधशाळा १९३४ सालची, डॉ. शंकरराव माचवे यांनी उभी केलेली. पण या साऱ्या शाळांपुढे एक विचित्र अडचण होती. देशात एक नव्हे, अनेक ब्रेल चालत. कोणी एका पद्धतीने 'क' लिही, तर कोणी दुसऱ्या. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईना. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने विचारविनिमय होऊन भारती ब्रेल ठरले, आणि सगळ्या भारतीय भाषांना एक लिपी मिळाली. डोळसांना जे अजून जमलेले नाही, ते अंधांनी पाऊणशे वर्षांपूर्वीच करून टाकले!

भारती ब्रेल मी भावाकडून थोडेसे शिकलो. त्यात एक खुमारी आहे. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि उच्चारतो मात्र नंतर. ब्रेलमध्ये असला घोटाळा नाही. आधी क, मग इ, जसे बोलावे तसे लिहावे. जोडाक्षरात हलन्ताची खूण मात्र आधी येते, म्हणजे बोटाला आधीच इशारा मिळतो की पुढची अक्षरे गुंतलेली आहेत, सांभाळ. आपला मराठी 'ळ' म्हणजे उजव्या बाजूची तिन्ही टिंबे, एक उभा खांबच. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती डोळे मिटून वहीवर पेन्सिलीने टोचून पाहतात.

ही लिपी मिळाली खरी, पण तिचे ओझे फार. जाड कागद, फुगलेली टिंबे. आपल्या खिशात मावणारे पुस्तक ब्रेलमध्ये दोन-तीन बाडांचे होते. शिवाय जगात छापले जाते त्यातले कितीसे ब्रेलमध्ये येणार? १९५२ साली मुंबईत राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'नॅब', स्थापन झाली. तिने १९६० नंतरच्या दशकात बोलत्या पुस्तकांचे ग्रंथालय सुरू केले. कोणी स्वयंसेवक पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करी आणि ते मुद्रण घरोघर जाई. आमच्या घरी कॅसेटची पार्सले येत. भावाबरोबर आईही ती ऐके. स्वयंपाक करता करता तिच्या कितीतरी कादंबऱ्या ऐकून झाल्या. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक काढले. देशातले ते या जातीचे पहिले वृत्तपत्र, आणि ते मराठीत निघाले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. पण वर्तमानपत्र पंधरा दिवसांनी येते. विजेचे बिल, बँकेचे पत्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी ही रोज येते. ती वाचायला पुन्हा घरातले डोळेच लागत.

*

या गोष्टीचा पुढला अध्याय पुण्यात सुरू होतो. टी. व्ही. रामन हे १९६५ साली जन्मलेले, पुण्यात वाढलेले गृहस्थ. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. घरची माणसे पाठ्यपुस्तके वाचून दाखवीत आणि हा मुलगा गणित डोक्यात करी. वाडिया कॉलेजातून गणिताची पदवी, मग मुंबईच्या आय. आय. टी. त संगणकाचे शिक्षण, आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय कोणता? गणिताची किचकट समीकरणे संगणकाने कानाला समजतील अशी कशी बोलावीत, हा. ज्या मुलासाठी घर वाचीत होते, त्याने वाचणारे यंत्रच घडवायला घेतले. २००५ साली ते गूगल कंपनीत गेले. टेलिफोनची बटणे जाऊन त्या जागी गुळगुळीत काच आली, तेव्हा अंध मंडळी हबकली होती. काचेवर बोटाला काय लागणार? त्या काचेवर डोळ्यांवाचून काम कसे करावे, याचा ध्यास घेतलेल्यांत रामन आणि त्यांचे सहकारी होते. २००९ साली ॲण्ड्रॉईड फोनमध्ये 'टॉकबॅक' आले; त्याच वर्षी आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आले.

ही युक्ती डोळस वाचकाला ठाऊक नसते म्हणून सांगतो. काचेवर बोट हलके फिरवायचे. बोट ज्या चिन्हावर येईल त्याचे नाव फोन उच्चारतो. हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारायची, ते उघडते. बस, एवढेच. पण या एवढ्यामुळे गुळगुळीत काच पुन्हा चाचपडता येण्याजोगी झाली.

अर्थात बोलणारे यंत्र हे काही एकट्याचे कर्तृत्व नव्हे. छापील पान उजेडात धरून मोठ्याने वाचणारे यंत्र अमेरिकेत रे कर्झवाईल यांनी १९७६ साली दाखवले. ते टेबल अडवून बसणारे धूड होते आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. संगणकाचा पडदा वाचणारे महागडे कार्यक्रम पुढे आले. २००६ साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 'एनव्हीडीए' नावाचा तसाच कार्यक्रम काढला आणि तो सर्वांना फुकट देऊन टाकला. आज तेच टेबलाएवढे धूड भावाच्या सदऱ्याच्या खिशात असते. कागदावर फोन धरला की तो वाचतो, इंग्रजीही आणि मराठीही. आमच्या गास गावाला तो इंग्रजी आवाजात 'गॅस' म्हणतो, आणि हस्ताक्षर वाचताना माझ्याइतकाच गडबडतो. पण पदरचे काही घालत नाही.

*

पैशाचे उदाहरण घेऊ, कारण परावलंबन सर्वांत जास्त बोचते ते तिथे. भावाच्या बोटांना जुन्या नोटा पाठ होत्या. जुनी पन्नासची नोट १४७ मिलिमीटर लांब, शंभराची १५७, पाचशेची १६७. दर टप्प्याला दहा मिलिमीटरचा फरक. बोटांच्या बेचक्यात धरली की कळे. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. मोठ्या नोटा गेल्या आणि नव्या आल्या. नवी पाचशेची १५०, दोनशेची १४६, शंभराची १४२. फरक अवघा चार मिलिमीटरचा. त्यात जुनी शंभराची नोट चालूच होती, आणि ती नव्या पाचशेपेक्षा लांब! जुनी पन्नासची आणि नवी दोनशेची यांच्या लांबीत तर एका मिलिमीटरचा फरक. नव्या नोटांच्या कडेला उठावाच्या रेघा आहेत, शंभराला चार आणि पाचशेला पाच. पण चार हातांतून फिरून नोट मऊ पडली की रेघाही बसतात. त्या हिवाळ्यात इतक्या वर्षांचा व्यवहारी मनुष्य पुन्हा 'दादा, ही किती रे?' असे विचारू लागला.

नॅबने या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि नोटांचे आकार असे वारंवार का बदलता, असा सवाल २०१९ साली न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला केला. त्याच वर्षी अंधांना ओळखता येतील अशी नवी नाणी आली. वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे. आणि १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचे ॲप दिले. नोटेवर फोन धरला की तो रक्कम सांगतो, आरंभी हिंदी व इंग्रजीत. इंटरनेट नसले तरी चालते. नोट खरी की खोटी हे मात्र त्याला कळत नाही.

आता तर पारनाक्याच्या बाजारात नोटेचे काम कमी झाले आहे. भाजीवालीच्या टोपलीपुढे तो चौकोनी ठिपक्यांचा फलक असतो. फोनचा कॅमेरा त्यावर नेमका धरणे भावाला कठीण जाते. मग ती बाईच त्याचा हात धरून फोन जागेवर आणते, किंवा हा तिचा फोननंबर विचारून पैसे पाठवतो. दुसऱ्या क्षणी तिच्या शेजारची डबी मोठ्याने सांगते, इतके रुपये मिळाले. ही डबी काही अंधांसाठी केलेली नव्हे. ती दुकानदारांसाठी आहे. पण साऱ्या बाजारात तिचा सर्वांत जास्त उपयोग कोणाला होत असेल, तर तो माझ्या भावाला.

तीच गोष्ट आगगाडीची. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी गेली, तेव्हापासून आमचे जिणे गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले. भाऊ रोज वसई रोडहून एकटा जातो. फलाटावर अपंगांचा डबा जिथे थांबतो, तिथे टीं-टीं करणारे यंत्र असते. त्या आवाजाच्या रोखाने तो जाऊन उभा राहतो. गाड्या सांगणारे एम-इंडिकेटर आपल्या मुंबईतच २०१० साली जन्मले. फोनवर तिकीट काढायची सोय २०१४ साली मुंबईत आली. त्यामुळे खिडकीपुढची रांग आणि 'ओ भाऊ, जरा बोर्डावर किती वाजताची आहे बघा' ही विनवणी, दोन्ही संपली. पण नायगाव सुटल्यावर गाडी खाडीच्या पुलावर चढते, चाकांचा आवाज पोकळ होतो. मग पाणजू बेटाची जमीन लागते, आवाज भरतो. पुन्हा पूल, पुन्हा पोकळ. हे सांगणारे ॲप नाही, आणि त्याला ते नकोही आहे. तो म्हणतो, "फोन बिघडला तरी भाईंदर मला चुकत नाही." पाऊस धोधो कोसळू लागला की मात्र फलाटावरचे सारे आवाज एक होतात, त्या दिवशी फोनही निरुपयोगी आणि कानही. त्या दिवशी तो सरळ कोणाचा तरी हात धरतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

*

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की, आता यंत्र आले आणि प्रश्न सुटले. तसे नाही. पुष्कळ ॲपे करणारी माणसे बटणांना नाव द्यायलाच विसरतात. मग बोट फिरवले की फोन नुसता 'बटण, बटण, बटण' असे म्हणत राहतो. परवलीचा आकडा ऐकून टाकीपर्यंत त्याची मुदत संपते. 'बी माय आईज' नावाची एक सोय २०१५ साली डेन्मार्कमध्ये निघाली. अंधाने हाक दिली की जगातला कोणी डोळस स्वयंसेवक फोनच्या कॅमेऱ्यातून पाहून उत्तर देतो. सोय उत्तम, काढणारे हान्स विबर्ग यांची स्वतःची दृष्टीही अधू; पण बँकेचा कागद परक्यापुढे कसा धरावा? आणि सर्वांत मोठी मौज बँकांच्या खातेदार-ओळखीची. समोर जिवंत माणूस आहे याची खात्री पटावी म्हणून फोन सांगतो, डोळ्यांची उघडझाप करा. ज्यांना ती करता येत नाही त्यांनी आपण जिवंत आहोत हे सिद्ध कसे करावे? या प्रश्नावर ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला. अशा सोयी सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच, घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले.

निकाल वाचला आणि मला पुन्हा ते १९९९ चे पत्र आठवले. त्याआधी तीनच वर्षे, १९९६ मध्ये, अपंगांच्या हक्कांचा कायदा अमलात आला होता. सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा, त्यातला एक टक्का अंधांसाठी. दुसरेही एक उदाहरण डोळ्यांपुढे येते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील वयाच्या सहाव्या वर्षी अंध झाल्या, माझ्या भावासारख्याच. शिकल्या त्या दादरच्या त्याच अंधशाळेत, जी मिस मिलार्डनी दुष्काळाच्या साली काढली होती. पुढे सेंट झेवियर्समध्ये गेल्या, पडदा वाचणाऱ्या संगणकावर अभ्यास केला, आणि २०१६ च्या निकालात ७७३ व्या क्रमांकाने लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मिळालेली रेल्वेची नोकरी पूर्ण अंधत्वाचे कारण सांगून नाकारली गेली. त्या गप्प बसल्या नाहीत. पुढच्याच निकालात १२४ वा क्रमांक मिळवला, आणि १४ ऑक्टोबर २०१९ रोजी तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून खुर्चीवर बसल्या. त्यांना नकाराचे कारण ठाऊक होते, म्हणून त्या त्याच्याशी झगडू शकल्या.

माझ्या भावाला कारण ठाऊक नव्हते. 'जागा भरली' याच्याशी कोण झगडणार? त्याने नंतर दुसरीकडे, कमी पगारावर नोकरी धरली आणि ती इमानाने केली. मी त्याला एका दुःखापासून वाचवले असे इतकी वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात मी त्याची एक लढाई, ती जिंकण्याची वा हरण्याची संधी, त्याला न विचारता काढून घेतली होती. त्या संध्याकाळी ओटीवर मी त्याला हे बोलून दाखवले. तो बराच वेळ पेटीचे कडीकोयंडे चाचपत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा कळले असते तर मी भांडलो असतो, दादा. हरलोही असतो कदाचित. पण माझे मी हरलो असतो." आणि थोड्या वेळाने, "चल, माळ्यावरचे आटप. आई ओरडेल."

ते पत्र त्याने रद्दीत टाकले नाही. दाखल्यांच्या ढिगात ठेवले.

हा लेख संपादकांकडे पाठवण्यापूर्वी मी तो त्याला दिला. वाचून दाखवू का, असे विचारलेही नाही. नुसता फोनवर पाठवला. त्याने कानाला वायर लावून अर्धा तास ओटीवर बसून ऐकला, आणि एका ठिकाणी थांबून मला हाक मारली. मी त्याच्याविषयी लिहिताना 'बिचारा' असा शब्द घातला होता. तो म्हणाला, "एवढा काढ. बाकी ठीक आहे."

मी तो काढला आहे.